दुपारी तीनची तिन्हीसांज

वाचक मैत्रिणीचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"मी ३४ वर्षांची, माहेर सांगलीचं. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही स्टॉकहोमला आलो, हा इथला चौथा हिवाळा. मुलगी पाच वर्षांची, डागिसला म्हणजे इथल्या बालवाडीला जाते. मी घरूनच अर्धवेळ काम करते. पहिला हिवाळा नवलाईत गेला. पुढच्या दोन्ही हिवाळ्यांत, आणि आता तिसऱ्यांदा, ऑक्टोबर उलटला की माझं काहीतरी बिनसतं. दहा-अकरा तास झोपते तरी अंग जड. जिना चढताना पायाला वाळूची पोती बांधल्यासारखं वाटतं. भात, पाव, चॉकलेट सारखं खावंसं वाटतं, गेल्या हिवाळ्यात सहा किलो वजन वाढलं. मंडळाच्या दिवाळीला गेले नाही. दुपारी तीनला अंधारतं आणि मला रडू येतं. दिवेलागणीला देवापाशी दिवा लावायची सवय होती, तीही सुटली, कारण इथे तिन्हीसांजा कधी मानायच्या तेच कळत नाही. गेल्या फेब्रुवारीत तीन आठवडे सांगलीला आले तर चौथ्या-पाचव्या दिवशी मी पूर्वीसारखी झाले. परत आले आणि आठवड्याभरात पुन्हा तेच. जूनमध्ये मात्र सहा तास झोप पुरते, यंदा तर अख्खं घर एकटीने रंगवलं. आई म्हणते, सुख बोचतंय तुला. नवरा म्हणतो, जिम लाव. कधी कधी रात्री वाटतं, सकाळी जाग आलीच नाही तर बरं. मी आळशी झालेय का? आम्ही परत यावं का?"
— अ., स्टॉकहोम

प्रिय अ.,

तुमच्या पत्रातलं शेवटून तिसरं वाक्य आधी घेते. तुम्ही ते घाईघाईने, इतर वाक्यांच्या आडोशाला ठेवल्यासारखं लिहिलंय. मला मात्र सगळ्या पत्रात तेच आधी दिसलं. असा विचार येतो म्हणून तुम्ही वाईट आई ठरत नाही. नैराश्यात तो पुष्कळांना येतो. पण तो एकटीने उराशी धरून बसायचं नाही. आज रात्री मुलगी झोपली की नवऱ्याला हेच शब्द सांगा. तोंडातून निघत नसतील तर हे सदर त्यांच्यापुढे ठेवा. आणि हा विचार "जाग न आली तर बरं" इथून पुढे सरकून "काय करू, कसं करू" इथपर्यंत आला, तर दिवस-रात्र न पाहता ११२ ला फोन करा. ९०१०१ ही स्वीडनमधली अशाच विचारांनी घेरलेल्यांसाठीची लाइन आहे. तब्येतीचा साधा सल्ला हवा असेल तर ११७७ तुम्हाला ठाऊक असेलच. भारतात बसून हे वाचणाऱ्या कुणाला गरज वाटली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे.

आता आळसाचं. आळशी माणूस सांगलीला उतरल्यावर चौथ्या दिवशी पदर खोचून कामाला लागत नाही. तुम्ही लागलात. आईच्या हातचं जेवण, माहेरचा आराम, हेही त्यात असणार, नाही कसं म्हणू? पण परतल्यावर आठवड्याभरात पुन्हा तेच, सलग तिसऱ्या वर्षी तेच, आणि दर वेळी ऑक्टोबर उलटल्यावरच. एरवीच्या नैराश्यात बहुतेकदा झोप उडते, अन्न जात नाही. तुमचं बरोबर उलटं आहे: झोप वाढली, भूक वाढली, तीही भात-पाव-गोडाची, आणि हातापायांत शिसं भरल्यासारखं जडपण. निदान डॉक्टरांनी करायचं असतं, मी समुपदेशक आहे. पण हे वर्णन ऋतूबरोबर येणाऱ्या नैराश्याचं आहे एवढं मी नक्की सांगू शकते. ते पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आढळतं आणि बहुतेकदा तरुण वयातच सुरू होतं.

याला नाव कसं मिळालं ते तुम्हाला सांगायला हवं, कारण ती गोष्टही तुमच्यासारख्याच एका स्थलांतराची आहे. नॉर्मन रोझेन्थाल हे मानसोपचारतज्ज्ञ मूळचे दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गचे, म्हणजे भरपूर उन्हातले. १९७६ मध्ये ते न्यूयॉर्कला शिकायला आले, आणि हिवाळा लागला की आपली उमेद ओसरते, वसंत आला की परत येते, हे त्यांना स्वतःच्याच बाबतीत जाणवलं. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत त्यांनी सहकाऱ्यांबरोबर अशा रुग्णांचा अभ्यास केला आणि १९८४ मध्ये 'सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर' या नावाने या आजाराचं वर्णन प्रसिद्ध केलं. प्रखर दिव्याचा उपचारही त्याच कामातून पुढे आला. तेव्हा उन्हाच्या देशातून आलेल्या माणसाला उत्तरेतला हिवाळा बाधतो, हे ओळखून त्याला नाव देणारा माणूस स्वतः तसाच होता.

आईंना हे का कळत नाही? कारण त्यांच्या डोळ्यांसमोरचा हिवाळा वेगळा आहे. आपल्याकडे थंडी म्हणजे वर्षातला सगळ्यात लाडका काळ. हुर्डा, शेकोटी, बाजरीची भाकरी, सकाळी अंगणात पाठीवर ऊन घेत निवडलेली मेथी. त्या थंडीत ऊन असतं! २१ डिसेंबरला सांगलीत दिवस सुमारे ११ तासांचा असतो आणि भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जवळपास ५० अंश वर चढतो. त्याच दिवशी स्टॉकहोमला दिवस जेमतेम ६ तासांचा, आणि दुपारचा सूर्य कसाबसा ७ अंशांवर. म्हणजे समोर चार मजली इमारत असली तर तो दिसतही नाही. त्यातून नोव्हेंबरचं आभाळ भरलेलं आणि उजेड परतवायला अजून बर्फही नाही. आईंना "थंडी सोसत नाही" असं सांगू नका, त्या स्वेटर घाल म्हणतील. "इथे सूर्यच येत नाही" असं सांगा. व्हिडिओ कॉलवर दुपारी साडेतीनला कॅमेरा खिडकीकडे फिरवा. माझी खात्री आहे, सुख बोचण्याची भाषा तिथल्या तिथे थांबेल.

उजेड कमी झाल्याने माणूस एवढा का खचतो? आपल्या डोळ्यांत पाहण्याच्या पेशींखेरीज आणखी एका प्रकारच्या पेशी असतात, हे २००२ च्या सुमारास नीट उलगडलं. त्या चित्र दाखवत नाहीत. बाहेर दिवस आहे की रात्र, एवढीच खबर त्या मेंदूतल्या घड्याळाला देतात. त्या घड्याळावर झोप आणणारं मेलाटोनिन, भूक, उत्साह यांची वेळ ठरते. सकाळी अंधारात उठून दिव्याच्या उजेडात दिवस काढला तर घड्याळाला पहाट झाल्याचा निरोपच पोचत नाही. शरीर नऊ-दहापर्यंत रात्रच धरून बसतं. यापलीकडे नेमकं काय बिघडतं, घड्याळ मागे पडतं की सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाचं गणित चुकतं, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. तुमच्या कामाचा भाग एवढाच की डोळ्यांना घरातला दिवा कितीही लख्ख वाटला तरी त्या पेशींना तो पुरत नाही. उजेड लक्स या मापात मोजतात. घरात संध्याकाळी १००-२०० लक्स असतो, चांगल्या ऑफिसात ५००. स्टॉकहोमच्या ढगाळ दुपारीही बाहेर हजाराच्या वर मिळतो. सांगलीच्या भर उन्हात लाखाच्या घरात!

इथे आपल्या वळणाबद्दल एक बोलायलाच हवं. आपण मुली "उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील" ऐकत वाढलो. ऊन आलं की पडदे ओढायचे, सावलीच्या कडेने चालायचं, स्कूटरवर रुमालाने तोंड गुंडाळायचं. आपल्या हवेत ते चाललं, कारण लपूनछपूनही पोटभर उजेड मिळत होता. आणि आपल्या आज्या पहाटे उठून दाराशी सडा घालायच्या, रांगोळी काढायच्या, तुळशीला पाणी घालायच्या. त्यांनी ते तब्येतीसाठी केलं नाही, पण उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत रोज त्या आभाळाखाली असायच्या. स्टॉकहोमच्या तिसऱ्या मजल्यावर अंगण नाही. पण लपायची सवय मात्र बरोबर आलेली असते. ती सोडा. पडदे सताड उघडे ठेवा, कामाचं टेबल खिडकीला लावा.

मी हे अनुभवातून सांगतेय. खूप वर्षांपूर्वी दोन हिवाळे मी स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनला काढले. दुसऱ्या हिवाळ्यात मी आठवडेच्या आठवडे पलंगावरून उठले नाही, आणि तिथल्या डॉक्टरांनी "घरची आठवण येतेय" एवढं म्हणून मला परत पाठवलं. मीही ते मानलं आणि वर्षभर स्वतःला दुबळी म्हणत राहिले. त्याचं मला आजही वाईट वाटतं. तुमचं ते वर्ष वाया जाऊ नये म्हणून हे इतकं लांबण लावते आहे.

तर आता औषध. पहिलं औषध उजेडच, पण तो औषधासारखा घ्यायचा: मात्रा मोजून, वेळ पाळून. बाजारात उपचाराचे खास दिवे मिळतात. घेताना दोन गोष्टी बघा. एक, तो १०,००० लक्स किती अंतरावर देतो. काही छोटे दिवे तेवढा उजेड नाक टेकवल्यावरच देतात. हातभर अंतरावर देणारा मोठा दिवा घ्या. दोन, त्यात अतिनील किरण गाळलेले असावेत. सकाळी उठल्यापासून तासाभरात, रोज ठरलेल्या वेळी, अर्धा तास त्याच्यासमोर बसायचं. डोळे उघडे, पण दिव्याकडे टक लावायची नाही. चहा घ्या, भाजी चिरा, मुलीची वेणी घाला, फक्त दिवा समोर थोडा बाजूला असू द्या. दुपारनंतर लावू नका, रात्री झोप येणार नाही. पुष्कळांना एक-दोन आठवड्यांत फरक कळतो. बरं वाटलं म्हणून बंद केलात तर परत घसराल, तेव्हा मार्च-एप्रिलपर्यंत चालू ठेवा. सुरुवातीला डोकं किंचित दुखलं, डोळे ताणल्यासारखे झाले तर थोडं लांब बसा, वेळ कमी करा.

दिवा मागवण्याआधी मात्र डॉक्टरांना भेटा. एरवी मी "आधी दिवा, मग डॉक्टर" असंही म्हटलं असतं. तुमच्या बाबतीत म्हणणार नाही, आणि त्याचं कारण तुम्हीच लिहिलेला जून महिना. स्टॉकहोमला जूनमध्ये दिवस साडेअठरा तासांचा. तेव्हा कमी झोपून भरपूर काम होणं हे पुष्कळांचं होतं, बहुतेकदा त्यात काळजीचं काही नसतं. पण काहींच्या बाबतीत हिवाळ्यातली घसरण आणि उन्हाळ्यातला फाजील उत्साह ही एकाच आजाराची दोन टोकं असतात, ज्याला बायपोलर म्हणतात. तसं असेल तर प्रखर दिवा आणि नैराश्याच्या काही गोळ्या माणसाला दुसऱ्या टोकाला ढकलू शकतात. म्हणून डॉक्टरांना हिवाळ्याइतकंच जूनबद्दल सांगा: किती झोपलात, किती खर्च केलात, विचार फार वेगाने धावत होते का, चिडचिड होती का. डोळ्यांच्या पडद्याचा काही आजार असेल किंवा उजेडाला त्वचा-डोळे हळवे करणारं एखादं औषध चालू असेल, तर तेही सांगा.

जवळच्या वोर्डसेंट्रालमध्ये, म्हणजे तिथल्या आरोग्य केंद्रात, वेळ घेताना "थकवा आहे" म्हणू नका. "गेले तीन हिवाळे नैराश्य येतंय, आणि मरणाचे विचार येतात" असं म्हणा. नुसता थकवा म्हटलं तर वेळ उशिराची मिळू शकते. रक्त तपासायला सांगा: थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, ड जीवनसत्त्व. तुम्ही शाकाहारी आहात की नाही ते पत्रात नाही, पण असाल तर बी-१२ कमी निघायची शक्यता बरीच. ऑक्टोबर ते मार्च स्टॉकहोमच्या उन्हात त्वचेला ड जीवनसत्त्व बनवताच येत नाही, आणि आपल्या सावळ्या त्वचेला तर उन्हाळ्यातही जास्त वेळ लागतो. या कमतरता भरून काढल्याने नैराश्य जाईलच असं नाही. पण त्यांचा थकवा, अंगदुखी या उदासीवर येऊन बसते आणि दोन्ही मिळून माणसाला उठू देत नाहीत.

डॉक्टरांनी गोळ्या सुचवल्या तर दचकू नका. कॅनडात ९६ रुग्णांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठ आठवड्यांनी दिवा आणि फ्लुओक्सेटिन ही गोळी दोन्ही सारखीच उपयोगी ठरली. म्हणजे निवडायला वाव आहे. तिसरी वाट बोलण्याच्या उपचाराची. कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारा उपचार; तिथे त्याला केबेटे (KBT) म्हणतात, आणि तो इंटरनेटवरूनही घेता येतो. अमेरिकेतल्या व्हर्माँट विद्यापीठात केली रोहन यांनी खास हिवाळी नैराश्यासाठी तो बेतला. त्याच हिवाळ्यात त्याचा गुण दिव्याएवढाच आला, पण दोन हिवाळ्यांनंतर पाहिलं तर बोलण्याचा उपचार घेतलेल्यांत आजार कमी वेळा उलटला होता. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. तीन वाजता खिडकी काळी झाली की "संपला दिवस, मी काहीच केलं नाही" हा विचार तुमच्या मनात आपोआप येतो. तो खोटा आहे, कारण अजून सात तास शिल्लक असतात. त्या विचाराला तिथल्या तिथे पकडायला हा उपचार शिकवतो.

रोजच्या दिवसाबद्दल फार सांगत नाही, कारण या अवस्थेत लांबलचक याद्या म्हणजे स्वतःला रागवायला आणखी एक कारण. एकच सांगते: दुपारी पावणेबारा-बाराला बाहेर पडा. त्या ७ अंशांच्या सूर्याची ती सगळ्यात वरची वेळ. वीस मिनिटं, ढग असले तरी, टोपीखालून डोळे उघडे ठेवून. जमलं तर मुलीला डागिसला पायी सोडा. भात-पाव खावासा वाटतो त्याची लाज वाटून घेऊ नका. सकाळी अंडं, उसळ किंवा डाळीचं धिरडं पोटात गेलं तर संध्याकाळची ओढ जरा कमी होते. आणि तीनच्या अंधारात पलंगावर पडायचं नाही. झोपायचं नाही म्हणून नव्हे तर उठता येणार नाही म्हणून.

दोन ओळी तुमच्या नवऱ्यासाठी. दादा, जिमचा सल्ला चुकीचा नाही, व्यायामाने बरं वाटतं. पण पायाला पोती बांधलेल्या माणसाला "पळ" म्हणून उपयोग नाही. तुम्ही सकाळी पंधरा मिनिटं आधी उठून दिवा लावून ठेवा, चहा टाका आणि त्यांना त्याच्यासमोर आणून बसवा. डॉक्टरांकडे पहिल्या वेळी बरोबर जा. मंडळाच्या कार्यक्रमाला "येतेस का" असं विचारू नका, "अर्धा तास जाऊन येऊ, कंटाळलीस तर निघू" असं म्हणा आणि खरोखर निघा. आणि पुढच्या वर्षी सप्टेंबरच्या शेवटी, त्या पुरत्या बऱ्या असताना, दिवा माळ्यावरून तुम्ही काढा. एकदा खाली घसरल्यावर त्यांना त्याची आठवणही होणार नाही.

परत यावं का? कदाचित यावं. मी त्याला पळ काढणं म्हणणार नाही. उन्हासाठी घर बदलणं हे पाण्यासाठी गाव बदलण्याइतकंच रास्त कारण आहे. पण हा निर्णय नोव्हेंबर ते फेब्रुवारी घेऊ नका. या दिवसांत मन प्रत्येक हिशेबातून फक्त वजाबाकी दाखवतं. दिव्याचे आणि उपचाराचे काही आठवडे पुरते होऊ द्या, मग मेमध्ये दोघांनी कागद घेऊन बसा. तोवर एवढं नक्की करता येईल: सांगलीची वारी दरवर्षी जानेवारीतच ठरवून टाका, सगळ्यात खोल खड्ड्याच्या मधोमध. तिथून परत याल तेव्हा फेब्रुवारी लागेल, स्टॉकहोमचा दिवस रोज पाच-पाच मिनिटांनी वाढत असेल आणि महिन्याच्या मध्यावर तो नऊ तासांच्या वर गेलेला असेल. आपण तिळातिळाने म्हणतो, तिथे तो मुठीमुठीने वाढतो.

नोव्हेंबर सरता सरता तुमच्या शेजारच्या सगळ्या खिडक्यांत दिवे आणि कागदी चांदण्या लागतील, १३ डिसेंबरला लुसिया हा तिथला उजेडाचा सण येईल, डागिसमधली मुलं डोक्यावर दिवे घेऊन गातील. त्या लोकांनाही हा अंधार सोपा जात नाही, म्हणून तर इतके दिवे. दिवाळीचा आकाशकंदील खोक्यात घातला असेल तर बाहेर काढा आणि खिडकीत संक्रांतीपर्यंत राहू द्या. मेंदूतल्या घड्याळाला त्याचा उपयोग नाही, तुमच्या मुलीला आहे.

आणि तिन्हीसांजा. तिथे सूर्याच्या हिशेबाने जाऊ नका, तो तुम्हाला तीनलाच दिवा लावायला लावेल. सात वाजता लावा, बारा महिने, जूनमध्ये लख्ख ऊन असलं तरीही. मुलीला काडी ओढू द्या. सकाळच्या दिव्यासमोरचा अर्धा तास मात्र आईंना द्या. तुमचे साडेसात म्हणजे सांगलीचे बारा, तेव्हा त्यांच्या पोळ्या चाललेल्या असतील. फोन ओट्यावर टेकवून ठेवायला सांगा. बोलायला काही नसलं तरी चालेल.

डॉक्टरांची वेळ मिळाली की मला एक ओळ कळवा.

तुमची,
ताई